नादेज आणि रविवारचा फोन

इरा आणि कबीर,

गेल्या आठवड्यात इराने फोनवर आईचा आवाज काढून मला फसवलं. "आई, जेवण झालं का? गोळ्या घेतल्या का?" शेवटचा शब्द जरा ओढून, अगदी तुमच्या आईसारखं. मी नीट उत्तरं देत होते, तेवढ्यात मागून कबीरचं खिदळणं ऐकू आलं. तुम्ही दोघं हसलात, इकडे आजोबाही हसले. मी मात्र गप्प झाले. "आजी रागावली का?" असं इराने विचारलं, तर "नाही गं" म्हणून मी फोन आजोबांच्या हातात दिला.

रागावले नव्हते. मला नादेज आठवली. तिची हकिगत फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते आहे. तुमचा बाबा तिला ओळखतो, पण तो पुण्याला परत गेला तेव्हा ती शाळेत होती. पुढचं त्यालाही माहीत नाही.

आमचं इथलं, ऑटवाजवळच्या कनाटातलं घर रांगेतलं आहे. डावीकडच्या घराची आणि आमची भिंत एकच. त्या घरात रोझलिन नावाची बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली. तीच नादेज. आई हैतीची. मुलीचा जन्म माँट्रियालचा. रोझलिनला इथे वृद्धांच्या एका निवासात काम मिळालं होतं, कारण तिथल्या काही म्हाताऱ्यांना फ्रेंच बोलणारं माणूस हवं होतं. वडील त्यांच्याबरोबर नव्हते. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिल्यांदा ती मुलगी आली ती शोव्हल, म्हणजे बर्फ उपसायचं फावडं, मागायला. आदल्या दिवशी खूप बर्फ पडला होता. दार उघडलं तर जाड कोटातली एक छोटी मुलगी पायपुसण्यावर सरळ उभी. "गुड मॉर्निंग, मादाम." मी आत ये म्हटलं, ती आली नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आली. बूट काढून भिंतीशी नीट लावले. मग सोफ्यावरच्या आजोबांना "गुड मॉर्निंग, मस्य," म्हणजे फ्रेंचमध्ये महाशय. खालून, बेसमेंटमधून, हॉकीच्या मॅचचा आवाज येत होता. तिने विचारलं, "खाली कोण आहे?" मी म्हटलं, माझा मुलगा आणि त्याचे मित्र. ती जिना उतरली, त्या चौघांना एकेक करून गुड मॉर्निंग म्हणून वर आली, आणि मग म्हणाली, "माझी आई विचारते, तुमचं शोव्हल मिळेल का?"

घरात शिरलं की आधी सगळ्यांना भेटायचं, मग काम सांगायचं, असं तिला शिकवलेलं होतं. ती गेल्यावर आजोबा म्हणाले, "बरं झालं फ्रिज बोलत नाही. त्यालाही नमस्कार करून गेली असती." पण त्या दिवसापासून ती आली की ते पेपर खाली ठेवून सोफ्यावरून उठायचे. माझ्यासाठी ते कधी उठल्याचं मला आठवत नाही.

मला ती पुढे "मातांत" म्हणू लागली. त्यांच्या भाषेत म्हणजे क्रेओलमध्ये मावशी, आत्या, काकू, सगळ्यांना तो एकच शब्द चालतो.

अंगाने काटकुळी, मान लांब. दर शनिवारी संध्याकाळी रोझलिन मागच्या पायरीवर बसायची, नादेजला खालच्या पायरीवर गुडघ्यांत धरायची आणि तिच्या केसांच्या बारीक वेण्या घालायची. तेलाचा वास आमच्या अंगणापर्यंत यायचा. मुलगी हलली की कंगव्याची एक चापटी. मला माझ्या आईचा हात आठवायचा. शाळेत तिच्या वर्गात तशा केसांची ती एकटीच. मुलं विचारायची, तू कुठली? ती म्हणायची, कनाटा. मुलं म्हणायची, नाही, खरी कुठली? "मग मी म्हणते, तुमच्या मागच्या रस्त्यावरची," असं तिने मला सांगितलं होतं. हसत नव्हती. तिला ते उत्तर खरंच पुरेसं वाटत होतं.

रोझलिनचं इंग्रजी कच्चं होतं. समोरच्याचं बोलणं कळायचं, पण स्वतः बोलताना ती अडखळायची, आणि फोनवर तर तिचं तोंडच मिटायचं. त्यामुळे त्या घराचे सगळे फोन नादेज करायची. पण मुलीच्या आवाजाला कोण विचारणार? "पुट युअर मदर ऑन द फोन" म्हणायचे. म्हणून तिने आईचाच आवाज घ्यायला सुरुवात केली.

मी स्वतः पाहिलंय. ऐन जानेवारीत त्यांची घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली, आणि दोघी कोट घालून आमच्या किचनमध्ये बसल्या होत्या. नादेज खुर्चीवरून उठली, एक हात कमरेवर ठेवला, हनुवटी छातीशी नेली, आणि तिच्या तोंडून एक जाड, सावकाश, चाळिशीतल्या बाईचा आवाज निघाला. "धिस इज मादाम रोझलिन स्पीकिंग. माझ्या घरात एक लहान मूल आहे, आणि ते कुडकुडतंय."

लहान मूल म्हणजे ती स्वतःच. शेजारी बसलेली रोझलिन क्रेओलमध्ये कानाशी पुटपुटत होती, काय काय सांगायचं ते. पलीकडचा दुरुस्तीवाला उद्या बघू म्हणाला असावा. नादेजने जरा थांबून दातांतून हवा ओढल्याचा एक आवाज काढला. आपण "च्च" करतो तसा, पण लांब. तो त्यांचा खास आवाज आहे, त्यात निषेध, कीव आणि "तुझ्या आईने हेच शिकवलं का" एवढं सगळं येतं. माणूस तासाभरात हजर झाला. दारात रोझलिनला म्हणाला, "मॅडम, तुमच्याशी फोनवर बोलून मला माझी आजी आठवली." रोझलिनने मान डोलावली. नादेज तिच्यामागे उभी राहून बुटांकडे बघत होती.

मग आजोबांनीही संधी साधली. त्यांच्या नागपुरी इंग्रजीला इंटरनेट कंपनीत कोणी दाद देत नसे. "नादेज, जरा आमच्यासाठी पण मादाम हो बरं," म्हणाले. ती गंभीरपणे म्हणाली, "मस्य, मला फक्त माझ्या आईचा आवाज येतो."

आणखी एक सांगते. वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला स्लीपओव्हर होता. त्या मुलीची आई स्वतः गाडी घेऊन आमंत्रण द्यायला आली. मी ड्राइव्हवेत होते. रोझलिनने सगळं ऐकून घेतलं, आणि क्रेओलमध्ये दोन वाक्यं बोलली. आवाजावरून मला अंदाज आला, कारण तुमच्या बाबाच्या लहानपणी मीसुद्धा हेच बोलले होते. नादेज गोड हसून त्या बाईला म्हणाली, "माझी आई म्हणते, किती छान! तुमचे खूप आभार. पण त्या दिवशी आमच्याकडे माँट्रियालहून मामा येणार आहेत."

गाडी गेल्यावर मी विचारलं, "मामा येणार आहेत का गं?"

"नाही, मातांत."

"मग आई काय म्हणाली?"

"आई म्हणाली, आपल्या घरी पलंग आहे. लोकांच्या घरी झोपायला आपण काय अनाथ आहोत?"

आईचं बोलणं ती असं सारखं करून, घडी घालून लोकांपुढे ठेवायची. त्या वस्तीत रोझलिनला सगळे फार मृदू बाई समजत. ती मृदू नव्हती. मृदूपणा मुलीचा होता.

रविवार मात्र रोझलिनचा. चर्चहून आल्यावर ती हैतीला आपल्या आईला फोन करायची. ही म्हातारी जेरेमी नावाच्या समुद्रकाठच्या गावात राहायची. तिला ते ग्रान म्हणत, म्हणजे आजी. ग्रानला दिसत नव्हतं, म्हणून तो चेहरे दाखवणारा फोन त्यांना उपयोगाचा नव्हता. तिथली शेजारीण आपला फोन तिच्या कानाला लावून द्यायची. रोझलिन एवढ्या मोठ्याने बोलायची की भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एरवी न हसणारी ती बाई त्या फोनवर नाकातून सुरू होऊन पोटापर्यंत जाणारं हसू हसायची. शेवटची दोन मिनिटं नादेजला मिळत. नादेज सहा वर्षांची असताना एक उन्हाळा ग्रानकडे राहिली होती, तेवढीच काय ती भेट. "काय विचारते ग्रान?" असं मी विचारलं की म्हणायची, "तेच. जेवलीस का, उंच झालीस का, आईचं ऐकतेस का."

नादेज ऑटवाच्या युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकायला लागली. घरूनच बसने जायची. दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा रोझलिनच्या पोटात दुखायला लागलं. कॅन्सर निघाला, आणि तो खूप पुढे गेलेला होता. उन्हाळ्यात कळलं, पहिला बर्फ पडायच्या आत ती गेली. शेवटच्या दिवसांतही ग्रानला फोन होत होता. रोझलिन श्वास घेऊन, उशीला टेकून बोलायची, आणि फोन ठेवला की तासभर डोळे मिटून पडायची.

आता जे सांगायचं ते नीट समजून घ्या. त्यांच्यात मृत्यूची बातमी फोनवर सांगत नाहीत. माणूस पाठवतात. तो जाऊन शेजारी बसतो, आधी जेवायला लावतो, पाणी देतो, आणि मग हात धरून सांगतो. आपल्याकडे काय वेगळं आहे? माझे वडील गेले तेव्हा मलाही "तब्येत बरी नाही, निघून ये" एवढंच कळवलं होतं. पण हैतीत त्या दिवसांत टोळ्यांची मारामारी चालू होती. विमानं बंद, राजधानीहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता टोळ्यांच्या हातात. रोझलिनचा भाऊ विल्नेर माँट्रियालहून आला होता. थोराड माणूस, टॅक्सी चालवायचा. तो म्हणाला, "आईचं हृदय नाजूक आहे. रस्ता उघडला की मी स्वतः जाईन, तिच्याजवळ बसेन आणि सांगेन. तोवर कोणी काही बोलायचं नाही." ग्रानच्या शेजारणीलाही कळवलं नाही, कारण शेजारणीच्या चेहऱ्यावर नाही तरी आवाजात ते आलंच असतं.

अंत्यविधीनंतरच्या रविवारी मी खिचडी आणि कढी घेऊन त्यांच्याकडे गेले. घर माणसांनी भरलेलं. चर्चच्या बायका किचनमध्ये, विल्नेर सोफ्यावर. दुपारी रोझलिनचा फोन वाजला. टेबलावरच होता. त्या रविवारी मुलीचा फोन आला नाही म्हणून ग्रानने शेजारणीला लावायला सांगितला होता.

फोन वाजत राहिला. विल्नेरने हात पुढे केला, आणि मागे घेतला. किचनमधल्या एका बाईने नळ बंद केला. नादेज उठली. एक हात कमरेवर ठेवला.

"आलो? मामां?"

त्यांचं "हॅलो" आणि त्यांचं "आई", पण रोझलिनच्या आवाजात. मला क्रेओल येत नाही, पण बोलण्याची चाल मला पाठ होती. वर्षानुवर्षं मी ती भिंतीतून ऐकली होती. मध्येच ती हसलीसुद्धा, ते नाकातून सुरू होणारं हसू. एका बाईने पदराने, म्हणजे गळ्यातल्या स्कार्फने, तोंड दाबून धरलं. विल्नेर खाली बघत बसला. एवढा मोठा माणूस, त्याचे खांदे हलत होते.

फोन ठेवून नादेज म्हणाली, "ती जेवली आहे." आणि बेसिनशी जाऊन भांडी घासायला लागली.

त्यानंतर रविवारी दुपारी ती आमच्याकडे यायला लागली. "त्या घरात मला तिचा आवाज काढता येत नाही, मातांत," एवढंच म्हणाली. आमच्या किचनच्या खिडकीशी उभी राहून फोन करायची. मी आणि आजोबा वर जाऊन बसायचो, पण हे घर लहान आहे, आवाज वर येतोच. सुरुवातीला काही आठवडे सोपे गेले. मग ग्रान म्हणायला लागली, "नादेज कुठे आहे? तिला फोन दे." तर नादेज फोन टेबलावर ठेवायची, पावलं वाजवत दारापर्यंत जायची, परत यायची, आणि आपल्या आवाजात म्हणायची, "बोंजू, ग्रान." आईबद्दल तक्रार करायची. आई खूप काम करते, ऐकत नाही. ग्रान सांगायची, "आईला जप. तुला एकच आई आहे." हे नादेजने मला नंतर सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

एकदा हसत हसत वर आली. "ग्रान म्हणते, रोझलिन, तुझा आवाज दिवसेंदिवस तरुण व्हायला लागलाय. तिकडची थंडी मानवली तुला." हसली, आणि मग मध्येच थांबली. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. ग्रानला काय समजलं होतं आणि काय नव्हतं, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही, आणि आता कळायचा मार्ग नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. विल्नेर दर फोनला म्हणायचा, रस्ता उघडतोय, अजून थोडं. आजोबा मला म्हणाले, "अगं, हे कुठवर चालणार? पोरीने आईचं सुतक तरी कधी धरायचं?" खरं होतं. मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली त्या दिवशी नाही, दफनाच्या वेळी नाही. लोकांना ती खंबीर वाटायची. एका रविवारी चहा देताना मी म्हटलं, "बाळा, थोडं रडून घ्यावं. छातीत साठवू नये."

"मला नाही रडता येत, मातांत. रडले की माझा घसा बसतो. दोन-तीन दिवस बसलेला राहतो." तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "रविवारी आवाज वेगळा येईल."

मी म्हटलं, "मग सांगून टाक त्यांना. फोनवर तर फोनवर."

"आणि ती पडली तर तिला धरील कोण?"

मी तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. ती म्हणाली, "रस्ता उघडला, मामा गेला, त्याने सांगितलं, की मग मी रडेन. ठरवलंय मी." परीक्षा संपल्यावर सहलीला जायचं ठरवावं तसं तिने ते ठरवलं होतं. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

रस्ता उघडला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी, रविवार नसताना, नादेज आमच्या दारात आली. हातात रोझलिनचा फोन, वाजणारा. जेरेमीचा नंबर. बूट न काढता ती आत आली. तिने मला गुड मॉर्निंग म्हटलं नाही. खिडकीशी गेली, हात कमरेवर ठेवला, आणि म्हणाली, "आलो?"

पलीकडे शेजारीण होती. नादेजने थोडं ऐकलं. एका शब्दात काहीतरी उत्तर दिलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा एक शब्द. मग कमरेवरचा हात खाली आला.

शेजारणीने एवढंच विचारलं होतं: रोझलिन, तू जेवलीस का? आणि तुझ्याजवळ कोण आहे?

हे प्रश्न कधी विचारतात ते तिला माहीत होतं. तिने फोन माझ्याकडे दिला. मी कानाला लावला. एक बाई सावकाश, समजावून, मला न कळणाऱ्या भाषेत बोलत होती. त्यात एकच शब्द मला समजला, ग्रान. मी त्यांच्यातलं "हो" तेवढं जमवून म्हटलं, "वी, मादाम. आय अ‍ॅम हिअर. मी आहे तिच्याजवळ." माझं मराठीही तिला समजलं असावं. ती थांबली, आणि मग रडायला लागली. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने नादेजला धरून उभी होते. आजोबांनी खुर्ची आणली, पण ती बसली नाही. जमिनीवरच बसली, आणि मीही तिच्याबरोबर खाली बसले. ती रडली. "मामां" म्हणून रडली.

पुढच्या शनिवारी त्यांच्या चर्चमध्ये दोघींसाठी एकत्र प्रार्थना ठेवली होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. दोन नावं एकामागून एक वाचली गेली. त्या बायका आपल्यासारखं "उगी, उगी" करत नाहीत. रडणाऱ्याच्या भोवती उभ्या राहतात आणि त्याला पडू देत नाहीत, एवढंच. पुढच्या बाकाभोवती त्यांची अशी गर्दी होती की नादेज आम्हाला दिसतच नव्हती. आवाज तेवढा यायचा. नंतर नंतर तोही खरखरीत होत गेला.

बाहेर पार्किंगमध्ये बारीक बर्फ पडत होता. ती विल्नेरच्या गाडीशी उभी होती, काळ्या कोटात. महिन्याभरात ती हॅलिफॅक्सला जाणार होती, उरलेलं शिक्षण तिथल्या हॉस्पिटलात काम करत पुरं करायला, आणि तशी गेलीही. त्यानंतर कार्डं येतात, पण मी तिला पाहिलेली नाही. लोक एकेक करून तिला भेटत होते. आमची पाळी आली. आजोबांनी टोपी काढली. मी तिचे हात हातांत घेतले आणि काहीतरी म्हटलं, काय ते आठवत नाही. तिने बोलायला तोंड उघडलं, पण आवाजच नव्हता. नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. मग तिने मामाकडे बघितलं.

विल्नेर पुढे झाला. आपल्या मोडक्या इंग्रजीत, प्रत्येक शब्द शोधत म्हणाला, "शी सेज... ती म्हणते, थँक यू. ती म्हणते, तुम्ही खूप केलंत."

ती काहीच म्हणाली नव्हती. पण तिने त्याला बोलू दिलं, आणि दार उघडून गाडीत जाऊन बसली.